तीन वर्षं थांबला, बावीस हंगाम खेळला : टिम हॉर्टनची गोष्ट

कॅनडात शिकायला गेलेल्या आपल्या भागातल्या पोरापोरींना विचारा, टिम हॉर्टन्स हे नाव सगळ्यांना ठाऊक असतं. कॉफी आणि डोनटची ही दुकानं तिथे चौकाचौकात आहेत. २०२२ पासून ती भारतातही आली. पण हे नाव एका खेळाडूचं आहे, हे फार कमी जणांना माहीत असतं. टिम हॉर्टन हा आइस हॉकीतला बचावपटू. २१ फेब्रुवारी हा त्याचा स्मृतिदिन.

त्याची आठवण काढायचं कारण मात्र कॉफी नाही. पोरगा खेळात जरा चमकला की घरचे, गावचे, मंडळाचे, सगळे एकच विचारतात, वरच्या संघात कधी जाणार? १९४९ साली टोरांटोत टिमबद्दलही हाच प्रश्न होता. त्याचं उत्तर मिळायला तीन वर्षं लागली.

रेल्वे कामगाराचा मुलगा

टिमचा जन्म १२ जानेवारी १९३० चा. गाव कॉक्रेन, कॅनडाच्या ऑन्टॅरियो प्रांताच्या उत्तर टोकाकडचं. खरं नाव माइल्स गिल्बर्ट, पण आईने टिम म्हणायला सुरुवात केली आणि तेच कायम राहिलं. वडील रेल्वेत कामाला. पुढे कुटुंब सडबरी या खाणीच्या शहरात आलं. थंडीत तिकडे तळीसुद्धा गोठतात, त्यामुळे पोरं चालायला लागली की स्केट्स घालतात.

टिम अंगाने दणकट होता. १९४७ मध्ये, सतराव्या वर्षी, त्याला टोरांटोच्या सेंट मायकेल्स कॉलेजात जागा मिळाली. ही शाळा म्हणजे टोरांटो मेपल लीफ्स या व्यावसायिक संघाची रोपवाटिकाच. दोन वर्षांत लीफ्सने त्याच्याशी करार केला.

आता पोरगा थेट मोठ्या मैदानात उतरणार, असं कुणालाही वाटलं असतं. पण लीफ्सने त्याला पाठवलं अमेरिकेतल्या पिट्सबर्गला, हॉर्नेट्स या आपल्या दुय्यम संघात.

बचावपटू तयार झाला, हे ओळखायचं कसं?

आइस हॉकीत एका बाजूचे सहा जण बर्फावर असतात. एक गोलरक्षक, तीन आघाडीपटू आणि दोन बचावपटू. आघाडीचा पोरगा चांगला की नाही, हे गोल मोजून कळतं. त्याच्या हातून चकती सुटली तरी मागे दोघं असतात. बचावपटू चुकला तर मागे फक्त गोलरक्षक.

कबड्डी बघणाऱ्याला हे लगेच उमगेल. चढाईपटूचे गुण फलकावर दिसतात. कोपरा सांभाळणाऱ्याने योग्य वेळी पाय मागे घेतला, याचा गुण कुणी लिहीत नाही. त्याने एकदा घाईने झेप घेतली आणि पकड सुटली, की ते मात्र सगळ्या गावाला दिसतं.

म्हणून तरुण बचावपटू जोखताना जाणकार ताकद शेवटी बघतात. आधी बघतात, उलटं स्केटिंग करताना समोरच्याशी अंतर राखतो का? दोन जण अंगावर आले तर चकती घाबरून फेकतो की साथीदाराला देतो? मुद्दाम डिवचलं तर तोल सांभाळतो का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, कधी पुढे जायचं नाही, हे त्याला कळतं का?

टिमची अडचण इथेच होती. चकती हाती आली की स्वतःच घेऊन पुढे धावायची त्याला भारी हौस. मागची जागा मोकळी राहायची. दंडही बरेच लागायचे. कॉलेजच्या पोरांत ते ताकदीवर निभावून जायचं, मोठ्यांच्यात निभावलं नसतं.

शिवाय जागाच नव्हती. तेव्हा नॅशनल हॉकी लीगमध्ये संघच मुळी सहा. प्रत्येकात पाच-सहा बचावपटू, म्हणजे साऱ्या लीगमध्ये जेमतेम तीस-पस्तीस जागा. त्यात लीफ्स जोरात होते. १९४७, ४८, ४९ आणि ५१ असे चार स्टॅन्ली चषक त्यांनी पाच वर्षांत जिंकले.

तीन हंगाम पिट्सबर्गमध्ये

मार्च १९५० मध्ये टिमला लीफ्सकडून एक सामना मिळाला. एकच. पुढचा अख्खा हंगाम एकही नाही.

ऑगस्ट १९५१ मध्ये एक वाईट घटना घडली. लीफ्सचा तरुण बचावपटू बिल बॅरिल्को मासेमारीहून परतताना छोट्या विमानासह बेपत्ता झाला. त्याच वर्षीचा चषक त्याच्याच गोलने जिंकला होता. बचावातली एक जागा अशी रिकामी झाली. तरीही टिमला लगेच कायमचं वर आणलं नाही. १९५१-५२ च्या हंगामात त्याला लीफ्सकडून चारच सामने मिळाले. बाकी हंगाम पुन्हा पिट्सबर्ग.

पण हे वर्ष वाया गेलं नाही. त्या हंगामात हॉर्नेट्सचे प्रशिक्षक झाले किंग क्लॅन्सी. हे स्वतः एके काळचे नावाजलेले बचावपटू. लीफ्सने १९३० मध्ये त्यांच्यासाठी ३५ हजार डॉलर आणि वर दोन खेळाडू मोजले होते. त्यांच्या हाताखाली हॉर्नेट्सने १९५२ चा कॅल्डर चषक, म्हणजे दुय्यम लीगचं विजेतेपद जिंकलं. टिम राखीव बाकावर बसून नव्हता, दर सामन्यात खेळत होता. चुकत होता, पण चूक सुधारायला पुढचा सामना लगेच मिळत होता. वर बाकावर बसला असता तर हे झालं नसतं.

१९५२ च्या शरदात तो लीफ्समध्ये गेला तो कायमचाच. पहिल्या हंगामात सगळे ७० सामने खेळला. १९५४ मध्ये लीगच्या दुसऱ्या सर्वोत्तम संघात त्याची निवड झाली.

मोडलेला पाय आणि चार चषक

मार्च १९५५ मध्ये बिल गॅड्सबीशी धडक होऊन टिमचा पाय आणि जबडा मोडला. पुढच्या हंगामात तो निम्मेच सामने खेळू शकला. पाय बरा झाला, पण जुना टिम परत येईल का, ही शंका होती.

१९५८ मध्ये पंच इम्लाक लीफ्सचे सूत्रधार झाले. त्याच सुमारास अ‍ॅलन स्टॅन्ली हा अनुभवी बचावपटू संघात आला आणि टिमची जोडी जमली. स्टॅन्ली पायाने सावकाश, पण जागा न सोडणारा. त्यामुळे टिम पुढे गेला तरी मागे माणूस असायचा, आणि कधी जायचं नाही हे टिमलाही आता कळत होतं. १९६२, ६३, ६४ आणि ६७ असे चार चषक लीफ्सने जिंकले. ६२ च्या बाद फेरीत टिमने १६ गुण मिळवले. बचावपटूसाठी तो तेव्हाचा विक्रम होता.

फेब्रुवारी १९६१ ते फेब्रुवारी १९६८ या काळात तो सलग ४८६ सामने खेळला, एकही न चुकवता. ताकद इतकी, की मारामारीत तो ठोसे मारण्याऐवजी समोरच्याला मिठीत आवळून धरायचा.

तेव्हा खेळाडूंना आजच्यासारखा पैसा नव्हता. म्हणून १९६४ मध्ये हॅमिल्टन शहरात त्याने डोनटचं दुकान काढलं. १९६७ पासून रॉन जॉइस हा माजी पोलीस भागीदार झाला.

आता तो थोरला

१९७२ मध्ये इम्लाकनी त्याला बफेलो सेबर्स या नव्या संघात नेलं. टिम बेचाळिशीचा. त्याच वर्षी संघात वीस वर्षांचा बचावपटू जिम शोनफेल्ड आला, आणि पहिल्याच हंगामात दुय्यम संघातून न जाता मोठ्या मैदानात उतरला. टिमला तीन वर्षं लागली, याला तीन महिनेही नाही. पण या पोराच्या संघात टिमसारखा थोरला होता. पोरगा तयार आहे का, या प्रश्नाला दुसरी बाजू असते, त्याला सांभाळून घेणारं कुणी आहे का?

२१ फेब्रुवारी १९७४ च्या पहाटे टोरांटोतला सामना संपवून बफेलोकडे जाताना सेंट कॅथरिन्सजवळ टिमची गाडी उलटली आणि तो गेला. वय ४४. गाडी भरधाव होती आणि त्याच्या रक्तात दारू मर्यादेपेक्षा जास्त होती, हे बऱ्याच वर्षांनी जाहीर झालेल्या अहवालात आलं. मैदानावर कुठे थांबायचं हे शिकलेला माणूस त्या रात्री थांबला नाही.

मागे राहिले १,४४६ सामने, ११५ गोल, पत्नी आणि चार मुली. १९७७ मध्ये हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याला मानाचं स्थान मिळालं.

ज्यांच्या घरात चौदा-पंधरा वर्षांचा खेळाडू आहे त्यांनी एवढं बघावं. निवड हुकली, खालच्या संघात पाठवलं, म्हणजे पोरगं संपलं असं नसतं. तिथे त्याला रोज खेळायला मिळतंय का आणि शिकवणारा कोण आहे, हे विचारा. दोन्हींचं उत्तर चांगलं असेल तर वर्षं मोजू नका.