डोळे दिपवणारे दिवे आणि एडविन लँड

१९२६ साल. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रस्त्यावरून १७ वर्षांचा एक मुलगा रात्री पायी चालला होता. रस्ताभर मोटारींची रांग, दुकानांच्या पाट्यांचा लखलखाट आणि समोरून येणाऱ्या दिव्यांचे झोत. डोळे दिपले, की क्षणभर रस्ता, माणसं, पदपथाची कड, काहीच दिसत नाही, हे त्याच्या लक्षात आलं. हा अनुभव रोज हजारो लोक घेत होते. या मुलाला मात्र त्याच वेळी त्यावरचा उपायही सुचला, कारण प्रकाशाच्या एका गुणधर्माचं त्याला लहानपणापासून वेड होतं. हार्वर्डसारखं विद्यापीठ पहिल्या वर्षातच सोडून तो या एका कामामागे लागला. त्याचं नाव एडविन लँड. पुढे जग त्याला क्षणात फोटो देणाऱ्या पोलरॉइड कॅमेऱ्याचा जनक म्हणून ओळखू लागलं. पण कॅमेरा हे त्याचं दुसरं प्रेम. पहिलं होतं ते मोटारीच्या दिव्यांवर, आणि ते फळलं नाही.

लँडचा जन्म ७ मे १९०९ रोजी अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातील ब्रिजपोर्ट इथला. वडिलांचा भंगाराचा व्यवसाय होता. शाळकरी वयात उन्हाळी शिबिरात एका शिक्षकाने त्याला स्फटिकाची करामत दाखवली. टेबलाच्या गुळगुळीत पृष्ठभागावर पडलेली चकाकी त्या स्फटिकातून पाहिली, की नाहीशी होई आणि खालच्या लाकडाच्या रेषा दिसू लागत. ते पाहून पोरगा खुळावला. रॉबर्ट वुड यांचा प्रकाशशास्त्रावरचा जाडजूड ग्रंथ तो उशाशी घेऊन झोपत असे, असं सांगतात.

त्या करामतीमागचं तत्त्व म्हणजे प्रकाशाचं ध्रुवण. प्रकाशलहरींची कंपनं साधारणपणे सगळ्या दिशांनी होतात. काही पदार्थ मात्र एकाच दिशेची कंपनं पलीकडे जाऊ देतात आणि बाकीची अडवतात. उभ्या गजांच्या खिडकीतून काठी उभी धरली तर आत जाते, आडवी धरली तर अडते, तसंच काहीसं. असे दोन ध्रुवक एकमेकांना काटकोनात धरले, तर पहिल्यातून आलेला प्रकाश दुसऱ्यात अडतो आणि पलीकडे अंधार होतो.

लँडची कल्पना अशी होती. प्रत्येक मोटारीच्या दिव्यावर ध्रुवकाची काच बसवायची, तिची दिशा ४५ अंशांनी तिरकी ठेवायची आणि चालकाच्या डोळ्यांसमोर त्याच दिशेची एक पट्टी लावायची. दोन माणसं डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेकडे शबनम पिशवीचा पट्टा घेऊन समोरासमोर उभी राहिली, तर त्यांचे पट्टे एकमेकांच्या उलट दिशेला तिरके दिसतात. इथेही तसंच होतं. समोरच्या गाडीचा प्रकाश आपल्या पट्टीला काटकोनात येतो आणि अडतो. आपल्या दिव्याचा प्रकाश मात्र रस्त्यावरून, पाट्यांवरून परत येताना निदान काही अंशी मूळ दिशा टिकवतो आणि पट्टीतून बराचसा आत येतो. समोरची गाडी दिसते, तिचे दिवे मंद ठिपक्यांसारखे दिसतात, डोळे दिपत नाहीत. डिपर मारण्याची गरजच उरत नाही. वेस्टिंगहाउस कंपनीतले अभियंते लुइस चब यांनाही स्वतंत्रपणे हीच कल्पना सुचली होती. अडचण एकच होती. तेव्हाचा ध्रुवक म्हणजे महागडा नैसर्गिक स्फटिक, बोटाच्या पेराएवढा. तो मोटारीच्या दिव्याला पुरणार कसा?

लँड न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन बसला आणि जुनी पुस्तकं चाळू लागला. तिथे त्याला सापडला विल्यम बर्ड हेरापाथ हा ब्रिस्टलमधला डॉक्टर. वैद्यकाचा हा धागा मोठा गमतीचा आहे. १८५२ च्या सुमारास हेरापाथच्या एका विद्यार्थ्याने क्विनाइन पाजलेल्या कुत्र्याच्या मूत्रात आयोडीनचे थेंब टाकले, तेव्हा त्यात चमकदार हिरवे बारीक स्फटिक तयार झाले. हेरापाथने ते सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. जिथे दोन स्फटिक एकमेकांवर आडवे पडले होते, तिथे काळोख दिसत होता. हे स्फटिक नैसर्गिक ध्रुवकाच्या तोडीचे होते. पण ते इतके पातळ आणि ठिसूळ, की मोठा स्फटिक वाढवता येईना. हेरापाथने प्रयत्न केले, त्याच्या नंतर इतरांनीही केले, आणि शेवटी सगळ्यांनी नाद सोडला.

लँडने प्रश्नच उलटा केला. एक मोठा स्फटिक हवाच कशाला? डोळ्यांना दिसणारही नाहीत असे कोट्यवधी सुईसारखे स्फटिक एका पातळ पापुद्र्यात एकाच दिशेने लावले, तर तो सगळा पापुद्राच एका स्फटिकासारखा वागेल. न्यूयॉर्कमधल्या भाड्याच्या खोलीत त्याने काम सुरू केलं. शक्तिशाली चुंबकाची गरज पडली, तेव्हा तो रात्री खिडकीतून कोलंबिया विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत शिरत असे. मदतीला हेलन मेझलेन होती. पुढे १९२९ मध्ये त्यांचं लग्न झालं. चुंबकाच्या क्षेत्रात स्फटिक एका दिशेला वळतात आणि प्रकाशाचं ध्रुवण होतं, हे सिद्ध झालं. मग चिकट लाखेत मिसळलेले स्फटिक ओढून-ताणून एका ओळीत बसवण्याची सोपी पद्धत त्याने शोधली. एप्रिल १९२९ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हा त्याला २० वं वर्षही पूर्ण झालं नव्हतं.

नंतर तो हार्वर्डला परतला. विद्यापीठाने त्याला स्वतंत्र प्रयोगशाळा दिली, १९३२ मध्ये त्याने आपल्या शोधावर प्राध्यापकांसमोर व्याख्यान दिलं आणि पदवी न घेताच पुन्हा बाहेर पडला. भौतिकशास्त्राचे तरुण शिक्षक जॉर्ज व्हीलराइट यांना भागीदार करून त्याने प्रयोगशाळा काढली. कोडॅकला कॅमेऱ्याचे फिल्टर विकले. नंतर चष्म्यांची पाळी आली. अमेरिकन ऑप्टिकल या कंपनीच्या लोकांना लँडने हॉटेलच्या खोलीत बोलावलं आणि उन्हाच्या खिडकीत मासे असलेलं काचेचं भांडं ठेवलं, असा किस्सा सांगितला जातो. चकाकीमुळे मासे दिसेनात. लँडने पाहुण्यांच्या हातात आपला पापुद्रा दिला आणि मासे दिसले. उन्हाच्या चष्म्यांचा करार झाला.

इथे थोडं थांबायला हवं, कारण या चष्म्यांबाबत आजही गैरसमज आहे. पाण्यावरून, ओल्या डांबरावरून, बॉनेटवरून परावर्तित होणारी चकाकी बहुतांशी आडव्या दिशेने ध्रुवित असते. पोलराइज्ड चष्मा तीच अडवतो, म्हणून दिवसा त्याचा उपयोग आहे. रात्री समोरून येणाऱ्या दिव्याचा प्रकाश ध्रुवित नसतो. तिथे हा चष्मा झोताबरोबर अंधारातला पादचारीही मंद करतो. रात्रीच्या ड्रायव्हिंगसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या पिवळ्या काचांचीही तीच गत. त्यांनी बरं वाटतं, पण जास्त दिसत नाही.

डोळे दिपतात म्हणजे नेमकं काय होतं? तीव्र प्रकाश पारपटल आणि नेत्रभिंगातून जाताना थोडा विखुरतो आणि दृष्टिपटलावर धुरकट पडद्यासारखा पसरतो. त्या पडद्यामागे रस्त्यावरची फिकट वस्तू हरवते. वय वाढतं तसं भिंग गढूळ होतं, मोतीबिंदू सुरू झालेला असेल तर हा पडदा आणखी दाट होतो. दिवसा अक्षरं स्वच्छ वाचणारा ६० वर्षांचा माणूस रात्री गाडी चालवायला बिचकतो, त्याचं हे एक कारण आहे. झोत गेल्यावरही दृष्टी पूर्ववत व्हायला काही सेकंद लागतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने तीन सेकंदांत गाडी ५० मीटर पुढे गेलेली असते. हे ५० मीटर चालकाने जवळजवळ न पाहताच कापलेले असतात.

हे ५० मीटर लँडला वाचवायचे होते. १९३७ मध्ये पोलरॉइड कॉर्पोरेशन स्थापन झालं, तेव्हा भांडवलदारांच्या डोळ्यांसमोर मुख्यतः मोटारींचे दिवेच होते. अमेरिकेतली प्रत्येक गाडी आपलं गिऱ्हाईक होणार, हा हिशोब होता. डेट्रॉइटच्या मोटार कंपन्यांपुढे प्रात्यक्षिकं झाली. ती पाहून लोक थक्क होत. मग शंका निघत.

शंका फुसक्या नव्हत्या. सुरुवातीचा पापुद्रा दिव्याच्या उष्णतेने खराब होई. लँडच्या प्रयोगशाळेने आयोडीन आणि ताणलेल्या पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा नवा ध्रुवक काढला आणि नंतर उष्णता सोसणारा आणखी एक प्रकार खास दिव्यांसाठी तयार केला. हा प्रश्न सुटला. दुसरा प्रश्न रसायनाने सुटणारा नव्हता. ध्रुवक निम्म्याहून अधिक प्रकाश स्वतःच गिळतो, पुढे चालकासमोरची पट्टी आणखी थोडा खाते. तेवढंच दिसायला हवं असेल तर दिवे दुपटीहून प्रखर हवेत, म्हणजे गाडीतलं जनित्रही मोठं हवं. आणि खरी गोम वेगळीच होती. ही योजना सगळ्या गाड्यांवर असेल तरच चालते. ज्याच्याकडे पट्टी नाही अशा जुन्या गाडीच्या चालकाला हे नवे प्रखर दिवे पूर्वीपेक्षा अधिक त्रासदायक. पादचारी आणि सायकलस्वार यांनी काय करायचं? शिवाय पहिल्याने पैसे खर्च केले, तर त्याचा फायदा समोरच्याला, त्याला स्वतःला नाही. कोणती कंपनी अशी वस्तू गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारील? धुक्यातही या युक्तीचा फारसा उपयोग नव्हता. धुक्याच्या गोल थेंबांवरून मागे येणारा आपलाच प्रकाश आपली दिशा राखून येतो आणि पट्टीतून सरळ आत शिरतो. फॉग लाइट बंपरच्या खाली, रुंद आणि वरून सपाट कापलेल्या झोताचे बसवतात ते यासाठीच. डोळ्यांच्या पातळीवरच्या धुक्यावर प्रकाश पडूच द्यायचा नाही.

दुसऱ्या महायुद्धात लँडची कंपनी लष्करासाठी चष्मे आणि हवाई छायाचित्रं खोलीसह दाखवणारी यंत्रणा बनवत होती. युद्ध संपल्यावर त्याने दिव्यांचा आग्रह पुन्हा धरला, पण १९४७ पर्यंत मोटार उद्योगाने नकार दिलेला होता.

कंपनी बुडायला टेकली असती, पण चार वर्षांपूर्वी सुट्टीत घडलेला एक प्रसंग कामी आला. डिसेंबर १९४३ मध्ये सांता फे इथे त्याच्या तीन वर्षांच्या मुलीने, आत्ता काढलेला फोटो लगेच का दिसत नाही, असं विचारलं होतं. फेब्रुवारी १९४७ मध्ये त्याने प्रकाशशास्त्रज्ञांच्या सभेत एका मिनिटात तयार होणारा फोटो दाखवला आणि पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये बोस्टनच्या दुकानात पहिले कॅमेरे विकले गेले. बाकीचं यश सर्वांना ठाऊक आहे. पाचशेहून अधिक पेटंटं, अध्यक्षीय पदक, हार्वर्डची मानद पदवी. रंग आपल्याला कसे दिसतात यावरचं त्याचं काम आजही नेत्रशास्त्रात चर्चिलं जातं. नंतर झटपट चित्रपटाच्या कॅमेऱ्यात कंपनीचे पैसे बुडाले आणि १९८२ पर्यंत आपणच उभारलेल्या कंपनीतून तो बाहेर पडला. १ मार्च १९९१ रोजी तो वारला.

दिव्यांचा प्रश्न आता दुसऱ्या वाटेने सुटू पाहतो आहे. समोरची गाडी कॅमेऱ्याने ओळखून झोतातला तेवढाच तुकडा विझवणारे दिवे युरोपात आधी आले, अमेरिकेने त्यांना २०२२ मध्ये परवानगी दिली. ते महागड्या गाड्यांत असतात. सामान्य चालक बाजारातून जास्त पांढरा, जास्त झगझगीत एलईडी बल्ब आणतो आणि हॅलोजनच्या जुन्या खोक्यात बसवतो. त्या खोक्याचा आरसा हॅलोजनच्या बारीक तारेच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. नवा बल्ब त्या बिंदूवर तंतोतंत बसला नाही, तर झोताची वरची कड विरते आणि उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो. चालकाला पुढचा रस्ता पांढराफटक दिसतो, म्हणून तो खूश असतो. आधी पिवळी पडलेली काच घासून घ्यावी, त्याच प्रकारचा नवा हॅलोजन बल्ब टाकावा, भिंतीसमोर गाडी उभी करून झोताची उंची तपासावी, डिकीत सामान भरलं असेल तेव्हा डॅशबोर्डवरच्या चाकाने दिवे खाली करावेत. तरीही एलईडीच हवे असतील, तर त्यांच्यासाठीच घडवलेला पूर्ण दिवा बसवावा. फॉग लाइट धुकं नसताना बंद ठेवावेत.

आयोडीन आणि ताणलेल्या पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा लँडचा पापुद्रा मात्र मोटारीत पोहोचला. द्रव-स्फटिकाचा पडदा ध्रुवकाशिवाय चालत नाही, आणि तो ध्रुवक आजही बहुधा त्याच पद्धतीने बनवतात. पोलराइज्ड चष्मा लावून अशा डॅशबोर्डकडे मान तिरकी करून पाहिलं, तर काही गाड्यांत पडदा काळा पडतो.