न्यायमूर्ती रानडे आणि खुला व्यापार

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांना आपण समाजसुधारक म्हणून ओळखतो. १८९७ साली अमरावतीस राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनाबरोबर सामाजिक परिषद भरली, तेव्हाही ते सुधारणेवरच बोलले. परंतु वऱ्हाड-मेळघाटातील विद्यार्थ्यांना त्यांच्यातील अर्थशास्त्रज्ञ अधिक जवळचा वाटावा.

१८ जानेवारी १८४२ रोजी निफाड येथे त्यांचा जन्म झाला. कोल्हापूर व मुंबई येथे शिक्षण घेऊन १८७१ साली ते न्यायखात्यात पुण्यास आले आणि सार्वजनिक सभेचे आधारस्तंभ बनले. सरकारी नोकरीत राहून सरकारी धोरणाची चिकित्सा करणे सोपे नव्हते. वरिष्ठांचा संशय आणि बदल्या त्यांच्या वाट्यास आल्या. तरी त्यांनी अभ्यास सोडला नाही.

१८८२ साली सरकारने विलायती कापडावरील आयात कर उठविला. वऱ्हाडचा कापूस आगगाडीने मुंबईस व तेथून परदेशी जाई, आणि परदेशी कापड गावच्या बाजारात येई. कापसापायी कुरणे व पडीत जमीन नांगराखाली आली. १८९२ साली डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात रानड्यांनी दाखवून दिले की, इंग्लंडला मानवणारे अर्थशास्त्राचे नियम हिंदुस्थानला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. कारागिराचा धंदा बुडाला की तो शेतीकडे वळतो. शेतीवर माणसांची गर्दी झाली की मजुरी वाढत नाही आणि दुष्काळात पोट भरत नाही.

१८९३ साली ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. त्याच वर्षी त्यांनी मॉरिशस, नाताळ, त्रिनिदाद येथे जाणाऱ्या मजुरांवर निबंध लिहिला. ते स्थलांतराला दोष देत नसत. गांजलेल्यांना ती एक वाट आहे, असे ते मानीत. मात्र खरा उपाय देशातच उद्योग उभारणे हा होय, ही त्यांची श्रद्धा होती. १६ जानेवारी १९०१ रोजी त्यांचे निधन झाले.

आज धारणी परिसरातील कोरकू कुटुंबे पिकांच्या हंगामात मजुरीसाठी सपाटीवर उतरतात. २०२१ साली कापसाच्या आयातीवर बसविलेला कर २०२५ साली काही महिने उठविण्यात आला. गिरण्यांना स्वस्त कापूस हवा, हे खरे. पण भाव उतरला तर शेतकऱ्याच्या हाती वेचणीच्या मजुरीसाठी काय उरते? व्यापाराचा नियम शेवटी कोणाच्या चुलीपर्यंत पोहोचतो, हे पाहण्याची दृष्टी रानड्यांनी दिली. अर्थशास्त्राचे पुस्तक उघडताना ती आपण सोबत ठेवावी.