बी अम्मा : पाच मुलांची आई

मुसलमान समाजातील आधुनिक शिक्षणाचा विषय निघाला की आपण सर सय्यद अहमद खान यांचे नाव घेतो, मुंबईच्या अंजुमन-ए-इस्लामचे नाव घेतो, बद्रुद्दीन तय्यबजींचे नाव घेतो. ते योग्यच आहे. परंतु शाळा-कॉलेजे उघडणे ही एक गोष्ट आणि त्या शाळेत घरातील मूल प्रत्यक्ष पाठविणे ही दुसरी गोष्ट. पहिल्या कामाचा इतिहास लिहिला गेला. दुसरे काम घराघरांतून, माजघरात, जनानखान्यात झाले आणि ते बहुतेक ठिकाणी आयांनी केले. त्यांची नावे कोणाच्या लक्षात राहिली नाहीत. एक नाव मात्र राहिले आहे. ते म्हणजे मौलाना शौकत अली आणि मौलाना मोहम्मद अली या अली बंधूंच्या मातोश्री आबादी बानो बेगम, ज्यांना सारा हिंदुस्थान पुढे बी अम्मा म्हणून ओळखू लागला.

बी अम्मांचा जन्म १८५० च्या सुमाराचा. उत्तर हिंदुस्थानातील रामपूर संस्थानात त्यांचे सासर होते. पती अब्दुल अली खान हे नवाबांच्या दरबारातील गृहस्थ. घराणे खानदानी, राहणी सरदारी आणि खर्चही त्याच मानाने. १८८० साली अब्दुल अली खान पटकीच्या आजाराने अचानक वारले. त्या वेळी बी अम्मांचे वय तिशीच्या आसपास होते. पदरी पाच मुलगे आणि एक मुलगी. शौकत सात वर्षांचा, आणि सर्वांत धाकटा मोहम्मद, ज्याचा जन्म १० डिसेंबर १८७८ चा, तो तर दोन वर्षांचाही झाला नव्हता. त्याला वडिलांचा चेहराही आठवणे शक्य नव्हते.

तरुण विधवेने दुसरा निकाह करावा, यात आपल्या धर्मात काही गैर नाही. बी अम्मांनाही तसे सुचविले गेले. त्यांनी ते मानले नाही. आपले उरलेले आयुष्य या सहा लेकरांचे आहे, असे त्यांनी मनाशी ठरवून टाकले होते.

आता त्या घराची स्थिती पाहा. जमीनजुमला होता, परंतु त्याचा कारभार दिरांच्या हाती. बी अम्मा पर्दानशीन. बाजारात जाणे नाही, कचेरीत जाणे नाही, परपुरुषाशी बोलणे नाही. लिहिण्या-वाचण्याचे शिक्षण नाममात्र. म्हणजे हाती पैसा नाही, कागदावर सही नाही आणि उंबरठ्याबाहेर पाऊलही नाही. अशा बाईने काय करावे? बहुतेक जणी नशिबाला दोष देतात आणि दिवस काढतात. बी अम्मांनी प्रथम स्वतःच्या खर्चाला कात्री लावली. अंगावरचा कपडा साधा झाला, खाणेपिणे साधे झाले. मोठ्या घरची सून म्हणून ज्या गोष्टींवर तिचा हक्क होता, त्या एकेक करून तिने सोडल्या. मुलांच्या वाट्याचे मात्र कमी होऊ दिले नाही.

मुलांचे शिक्षण त्या काळच्या रिवाजाप्रमाणे घरीच सुरू झाले. कुरआन शरीफचे पठण, नंतर फारसी. नमाज-रोज्याची शिस्त आईकडून. येथवर कोणाची हरकत असण्याचे कारण नव्हते. प्रश्न पुढचा होता. सर सय्यद यांनी अलीगढला १८७५ मध्ये मदरसा आणि १८७७ मध्ये कॉलेज सुरू केले होते, आणि त्यावरून मुसलमानांत मोठे वादळ उठले होते. इंग्रजी शिकलेला मुलगा नमाज सोडील, किरिस्ताव होईल, निदान काफर तरी बनेल, अशी भीती चांगल्या-चांगल्या घरांतून बोलून दाखविली जात होती. या भीतीला केवळ अडाणीपणा म्हणून हसणे बरोबर नाही. १८५७ च्या बंडानंतर उत्तरेकडील मुसलमान घराण्यांची जी वाताहत झाली होती, तिची आठवण अजून ताजी होती. इंग्रजाची सत्ता आणि इंग्रजाची विद्या यांत फरक करण्याइतकी उसंत त्या पिढीला मिळाली नव्हती.

मुलांचे चुलते याच मताचे होते. घरातील एक मुलगा बरेलीच्या इंग्रजी शाळेत पाठविला गेला, तेच त्यांना पुष्कळ वाटले. आणखी एकाला पाठवायचे म्हटल्यावर त्यांनी साफ नकार दिला. घरात एक काफर तयार होतो आहे तेवढा पुरे, अशा अर्थाचे ते थट्टेने बोलले असे सांगतात. पण पैशाची किल्ली त्यांच्याच हाती असल्यामुळे ती थट्टाही हुकमासारखीच होती.

बी अम्मांनी दिराशी भांडण केले नाही. आदळआपट केली नाही, माहेरी निरोपही धाडला नाही. त्यांनी आपल्या दागिन्यांपैकी काही दागिने काढले, विश्वासातील मोलकरणीच्या हाती दिले आणि शेजारच्या एका हिंदू महाजनाच्या घरी, म्हणजे आपल्याकडे ज्याला सावकार म्हणतात त्याच्याकडे, गुपचूप गहाण टाकविले. त्या पैशावर मुलगा बरेलीला रवाना झाला. घरच्या कर्त्या पुरुषाला कळले तेव्हा मुलाचे नाव शाळेच्या पटावर चढले होते. पुढे चुलत्यांनाही नमते घ्यावे लागले. त्यांच्याविषयी एवढे सांगितले पाहिजे की ते दुष्ट नव्हते. भावाची मुले त्यांना नकोशी नव्हती. त्यांना जे दिसत नव्हते ते या पडद्यातल्या बाईला दिसले होते, इतकेच.

पालकहो, हा दागिन्यांचा प्रसंग आपण घाईने वाचून पुढे जाऊ नये. त्या काळच्या विधवेचे दागिने म्हणजे तिची पेन्शन, तिचा विमा, तिच्या म्हातारपणाची काठी. मुलीच्या लग्नासाठी दागिने मोडणारी घरे आपल्या मोहल्ल्यात आजही दाखविता येतील, आणि त्यासाठी कर्ज काढणारीही. मुलाच्या किंवा मुलीच्या फीसाठी दागिना बाहेर काढणारी घरे किती आहेत, हे ज्याचे त्याने मोजावे. आणि जाता जाता हेही नमूद केले पाहिजे की बी अम्मांच्या घरातून बरेलीची वाट मुलग्यांनीच धरली. त्या वेळच्या खानदानी घरांत मुलीला बाहेरच्या शाळेत पाठविण्याची कल्पनाही कोणी करीत नव्हते, आणि या एका बाबतीत बी अम्मांचे घरही आपल्या काळाच्या पुढे गेले नाही. तो दागिना काढण्याचे काम नंतरच्या पिढ्यांवर राहिले.

रामपूरहून बरेली काही फार दूर नाही. तरी त्या काळी घर सोडून परगावी राहणे म्हणजे लहान मुलाला परदेशच. थोरले भाऊ बरेलीला, धाकटा मोहम्मद आईजवळ. काही दिवसांनी त्याचीही पाळी आली. बरेलीनंतर अलीगढ. म्हणजे ज्या मुलांसाठी या बाईने दुसरा संसार नाकारला, ती मुले एकेक करून तिच्याच इच्छेने तिच्यापासून दूर गेली. घर सुने झाले. मुलांना शिकविण्याची खरी किंमत केवळ दागिन्यांत मोजता येत नाही.

भावंडांना एकमेकांशी बांधून ठेवणे हे बी अम्मांचे दुसरे मोठे काम. त्याचे फळ लवकरच दिसले. अलीगढला शौकत अली क्रिकेटच्या संघाचे कप्तान म्हणून गाजले. धिप्पाड देह, मोठा आवाज आणि धाकट्या भावावर कडक नजर. शिक्षण संपवून ते सरकारच्या अफू खात्यात नोकरीस लागले. मोहम्मद अली अभ्यासात तेजस्वी निघाले. अलाहाबाद विद्यापीठाच्या बी. ए. परीक्षेत ते पहिले आले. या मुलाला विलायतेस पाठवावे, सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेस बसवावे, असे शौकत अलींनी घेतले आणि खर्चाचा भार स्वतः उचलला. १८९८ मध्ये मोहम्मद अली ऑक्सफर्डच्या लिंकन कॉलेजात दाखल झाले. आईने एका मुलासाठी दागिने काढले. त्या घरात वाढलेल्या भावाने भावासाठी पगार काढला.

सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेत मोहम्मद अली नापास झाले. घरच्यांच्या एवढ्या खस्तांनंतर हा धक्का लहान नव्हता. पण ते रिकाम्या हाताने परतले नाहीत, इतिहासाची ऑनर्स पदवी त्यांनी घेतली. परत आल्यावर रामपूर संस्थानात शिक्षण खात्यात आणि मग सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानात त्यांनी नोकरी केली. जानेवारी १९११ मध्ये कलकत्त्याहून त्यांनी ‘कॉम्रेड’ हे इंग्रजी साप्ताहिक काढले, पुढे ते दिल्लीस नेले आणि तेथून १९१३ मध्ये ‘हमदर्द’ हे उर्दू दैनिक सुरू केले. नापास झालेल्या त्या मुलाचे इंग्रजी लिखाण मग कलेक्टर आणि कमिशनर आवर्जून वाचू लागले.

पहिले महायुद्ध पेटले, तुर्कस्तान इंग्रजांविरुद्ध उतरले, आणि १९१५ मध्ये दोन्ही भावांना सरकारने स्थानबद्ध केले. प्रथम मेहरौली, मग लॅन्सडाऊन आणि शेवटी छिंदवाडा. हे छिंदवाडा म्हणजे तेव्हाच्या मध्य प्रांत-वऱ्हाडातील गाव. प्रांताची राजधानी आपले नागपूर. वृद्ध बी अम्मा मुलांबरोबर तेथे येऊन राहिल्या. लहानपणी दुरावलेली मुले आता सरकारच्या हुकमाने पुन्हा आईच्या छपराखाली आली!

याच छिंदवाड्यात एक गोष्ट घडली, आणि ती चुलत्यांनी पाहायला हवी होती. मोहम्मद अलींनी तुरुंगवासात लिहायला घेतलेल्या व अपुऱ्या राहिलेल्या आत्मचरित्रात तिचा वृत्तांत आहे. लहानपणी त्यांनी कुरआन पाठ म्हणून वाचला होता, अर्थ कोणी सांगितला नव्हता. अलीगढलाही ती उणीव भरून निघाली नाही. आता स्थानबद्धतेच्या सक्तीच्या विश्रांतीत दोघा भावांनी कुरआन अर्थासह, सावकाश, मन लावून वाचला आणि त्यांचे जीवन पालटले. इंग्रजी शाळेत गेल्यामुळे जी मुले काफर होणार होती, ती दाढी राखलेले, कुरआन मुखी असलेले मौलाना बनली. आपल्या आईविषयी त्यांनी तेथे कृतज्ञतेने लिहिले आहे. ती जवळजवळ निरक्षर असली तरी तिच्याइतके शहाणे आणि ईश्वरनिष्ठ माणूस आपण दुसरे पाहिले नाही, असा त्याचा भावार्थ आहे. ऑक्सफर्डच्या पदवीधराचे हे मत आहे.

१९१७ मध्ये सुटकेची बोलणी सुरू झाली. सरकारला लेखी हमी हवी होती. इस्लामवरील आपल्या निष्ठेला बाध न येता, एवढे शब्द घालण्याचा भावांचा आग्रह होता, आणि सरकारला ते शब्द नको होते. खुफिया खात्याचा अधिकारी छिंदवाड्यास आला तेव्हा पडद्याआडून बी अम्मांनी त्याला ऐकविले की, त्रासाला भिऊन माझ्या मुलांनी धर्माविरुद्ध कशावर सही केली, तर या सुरकुतलेल्या हातांत अल्लाह इतके बळ देईल की मीच त्यांचा गळा दाबीन. अधिकारी परत गेला. सुटका १९१९ च्या डिसेंबरपर्यंत लांबली.

याच सुमारास बी अम्मा घराबाहेर पडल्या. १९१७ च्या डिसेंबरात कलकत्त्याला ॲनी बेझंट यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे आणि त्याच वेळी मुस्लिम लीगचे अधिवेशन भरले. लीगने मोहम्मद अलींना अध्यक्ष निवडले होते, पण ते तर छिंदवाड्यात. तेथे मुलाच्या वतीने बुरख्यातील आई बोलली. मोलकरणीच्या हातून निरोप पाठविणारी हीच ती बाई, हे लक्षात घ्यावे.

पुढे खिलाफत चळवळीचे दिवस आले. सप्टेंबर १९२१ मध्ये मोहम्मद अलींना वॉल्टेअर स्टेशनवर अटक झाली, शौकत अलींनाही पकडण्यात आले, कराचीच्या खालिकदिना हॉलमध्ये खटला चालला आणि दोघांना दोन-दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. सत्तरी ओलांडलेल्या बी अम्मा मग गावोगाव फिरल्या. खिलाफत फंड, टिळक स्वराज्य फंड, खादी, चरखा, हिंदू-मुसलमानांची एकी हे त्यांचे विषय. पंजाबातील एका सभेत त्यांनी चेहऱ्यावरचा पडदा दूर केला. समोर बसलेले सारे आपले मुलगेच आहेत, मग मुलांपासून कसला पडदा, असा त्यांचा सवाल होता. पुत्राला खिलाफतीसाठी प्राण द्यायला सांगणाऱ्या या आईवर रचलेले गाणे त्या काळी उत्तरेत पोराबाळांच्या तोंडी होते.

मोहम्मद अली १९२३ मध्ये सुटले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस काकीनाडा येथील काँग्रेसचे अध्यक्ष झाले. शौकत अलींचे वास्तव्य पुढे मुंबईत भायखळ्याच्या खिलाफत हाऊसमध्ये असे. आपल्याकडच्या जुन्या पिढीने त्यांना तेथेच पाहिले. बी अम्मांची प्रकृती मात्र आता ढासळली होती. १९२४ चा सप्टेंबर. देशात दंगे उसळले होते, आणि दिल्लीत मोहम्मद अलींच्याच घरी गांधीजींनी एकवीस दिवसांच्या उपवासास प्रारंभ केला. एकीचा धोशा धरलेल्या म्हातारीला आजारपणात हेही पाहावे लागले.

१२ नोव्हेंबर १९२४ नंतरच्या रात्री दिल्लीत बी अम्मांचे निधन झाले. गांधीजी आणि सरोजिनी नायडू त्या वेळी तेथे आले होते. घरात आक्रोश नव्हता. मोहम्मद अलींच्या गालांवरून आसवे वाहत होती, थोरले शौकत अली मोठ्या कष्टाने स्वतःला सावरून होते, आणि खोलीतील सारी माणसे अल्लाहचे नाव घेत होती.