फ्रेडरिक फ्रोबेल, लहान मुलांचा शिक्षक

जर्मनी देशाच्या थुरिंगिया प्रांतात, डोंगर व अरण्य ह्यांच्या मध्ये, ओबरवाइसबाख नावाचे एक खेडे आहे. तेथील लुथरन मंडळीच्या पाळकाच्या घरी २१ एप्रिल १७८२ रोजी फ्रेडरिक फ्रोबेल जन्मला. तो नऊ महिन्यांचा असतानाच त्याची आई वारली. बापाकडे अनेक गावांचे काम असे. घरात सावत्र आई आली, पण तिला स्वतःचे मूल झाल्यावर ह्या पोरक्या मुलाकडे पाहणारे कोणी उरले नाही. आणि बापाने तर त्याला मंदबुद्धीच ठरविले. मंडळीच्या लेकरांची चिंता वाहताना घरचे लेकरू दारात एकटे बसले आहे हे पाळकास दिसू नये, ही गोष्ट आम्ही परक्याचा दोष म्हणून लिहीत नाही. आम्हीही पाळकच आहोत. दहाव्या वर्षी त्याच्या मामाने त्याला आपल्या घरी नेले, तेव्हा त्या मुलास प्रथमच माया व शाळा ही दोन्ही लाभली.

तारुण्यात त्याने वनाधिकाऱ्याजवळ उमेदवारी केली. येना येथील विद्यापीठात काही काळ शिकला, व कर्ज न फिटल्यामुळे नऊ आठवडे तेथील कैदेतही राहिला. १८०५ साली इमारती बांधण्याची विद्या शिकावी म्हणून तो फ्रँकफर्ट शहरी गेला असता एका शाळेच्या मुख्याध्यापकाने त्याच्या हाती मुलांचा वर्ग दिला, आणि त्या दिवसापासून त्याचे आयुष्य ठरून गेले.

त्या काळी स्वित्झर्लंडमध्ये इव्हर्डन गावी पेस्टालोझी नावाचा थोर शिक्षक होता. आकड्यांची नावे घोकविण्याआधी मुलांनी खडे व दाणे मोजावेत, असा त्याचा प्रघात. फ्रोबेल त्याच्यापाशी १८०८ ते १८१० अशी दोन वर्षे राहिला. त्याने पुष्कळ घेतले, परंतु तेथील विषयांचा एकमेकांशी मेळ नाही असे त्याला वाटत राहिले. पुढे बर्लिन येथे त्याने स्फटिकांचा अभ्यास केला. स्फटिकाच्या बाजू, कडा व कोन किती नेमाने बसविलेले असतात, हे पाहून तो थक्क झाला. मुलाच्या हाती प्रथम काय द्यावे ह्याचे उत्तर त्याला तेथेच सापडू लागले असावे, असे आम्हांस वाटते.

१८१६ साली आपल्या भावांची पाच मुले घेऊन त्याने शाळा उघडली, व पुढल्या वर्षी ती काइलहाऊ ह्या खेड्यात नेली. शाळा वाढली, आणि मग संशय व कर्ज ह्यांमुळे ओसही पडली. १८३५ साली तो स्वित्झर्लंडमध्ये बुर्गडॉर्फ येथील अनाथगृह चालवू लागला. शाळेत येणाऱ्या मुलाची जी वर्षे घरी वाया गेलेली असतात ती शिक्षकाला भरून काढता येत नाहीत, हे त्याच्या ध्यानात आले. म्हणून पंचावन्न वर्षांचा हा मनुष्य मोठ्या मुलांचा वर्ग सोडून ब्लांकेनबुर्ग येथे अगदी लहानांजवळ येऊन बसला. १८४० साली त्याने आपल्या संस्थेस किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. आपल्याकडचा बालवाडी हा शब्दही काही निराळे सांगत नाही.

त्याने मुलांसाठी जी खेळणी केली त्यांस तो देणग्या म्हणे. पहिली देणगी सहा रंगांचे लोकरी चेंडू. दुसरी लाकडाचा गोल, घन व वर्तुळाकार खांब. तिसरीत एक घन आठ लहान घनांत कापलेला असे, आणि येथे गणित सुरू होई. पेटी उपडी करून काढली की मुलापुढे एक अखंड घन उभा राही. तो मधून दुभंगला की चार व चार. पुन्हा विभागला की दोन दोनांच्या चार जोड्या. शेवटी आठ सुटे. मग तेच आठ एका ओळीत, दोन ओळींत, किंवा एकावर एक रचले तरी आठच. उंच दिसते ते अधिक असतेच असे नाही, हे मुलाला त्याचा स्वतःचा हात सांगे. चौथ्या देणगीत विटांसारखे आठ तुकडे. वीट घनापेक्षा लांब, पण जाडीला निम्मी. म्हणून दोघांत लाकूड सारखेच. पाचवीत सत्तावीस घन, त्यांतील काही तिरपे कापलेले.

आम्ही लहानपणी तीसपर्यंतचे पाढे धडाधड म्हणत असू. परंतु चिंचोक्यांच्या चार चारांच्या दोन रांगा मांडून, आठांच्या एका लांब रांगेशेजारी ठेवून, अधिक कोठे आहेत असे कोणी पुसले असते तर आम्ही लांब रांगेकडेच बोट दाखविले असते.

रचना मोडून टाकावयाची नाही, तर एक एक तुकडा सरकवून तीतूनच दुसरी करावयाची. आणि एकही तुकडा बाहेर उरू द्यावयाचा नाही, असा त्याचा नियम होता. मध्ये चार घन ठेवून भोवती चार मांडले, व एक सरकविला, तर समोरचाही तितकाच सरकवावा लागे, नाहीतर नक्षी बिघडे. कागदाच्या पट्ट्या विणावयास तो देत असे: एक वर, दोन खाली, पुन्हा एक वर. आपल्या गावचा बुरूड सूप विणतो तेव्हा त्याची बोटे हेच मोजीत असतात. चूक झाली तर शिक्षकाने सांगावे लागत नाही, वीणच सांगते.

असे निरुपद्रवी काम. तरीही ७ ऑगस्ट १८५१ रोजी प्रशिया सरकारने ह्या बागांवर बंदी घातली. त्या नास्तिकपणा पसरवितात असा आरोप होता. कार्ल फ्रोबेल नावाच्या पुतण्याचे लिखाण काकाच्या माथी मारण्यात आले होते. ज्याने १८२६ सालच्या आपल्या ग्रंथात शिक्षणाचा पाया देवावरच रचला, त्याने नास्तिक हे नाव ऐकावे! त्याने खुलासे केले, राजाकडे अर्ज केला. उपयोग झाला नाही. २१ जून १८५२ रोजी मारिएनथाल येथे तो वारला. श्वाइना गावी त्याच्या कबरेवर घन, त्यावर खांब व त्यावर गोल, असे दगडी स्मारक आहे.

बंदी १८६० साली उठली. त्याची दुसरी पत्नी लुइसा हिने हॅम्बर्ग येथे पुष्कळ वर्षे ह्या बागांसाठी शिक्षिका तयार केल्या. ती १९०० साली वारली. त्यानंतर थोड्याच काळात आमच्या सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनच्या बालशाळेतही मराठी मुले त्याच देणग्या हाताळू लागली होती.