लक्ष्मणराव किर्लोस्कर

बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या लहानशा गावी २० जून १८६९ रोजी लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म झाला. वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे व्यासंगी अभ्यासक. अशा घरातील मुलाने शास्त्रीबुवा व्हावे, नाहीतर एखाद्या कचेरीत कारकुनी पत्करावी, ही त्या काळची रीत होती. लक्ष्मणरावांचे मन मात्र पाठांतरात रमत नसे. ते रमे रंगांत आणि यंत्रांत. १८८५ साली वडिलांच्या मनाविरुद्ध ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकण्यास गेले आणि तेथे एक विपरीत गोष्ट उघडकीस आली. काही रंगांतील भेद त्यांच्या डोळ्यांना उमगतच नसे. चित्रकार होण्याची आशा तेथेच संपली. तथापि यंत्रांच्या आकृत्या काढण्यास रंग लागत नाहीत. त्या विद्येत त्यांनी हात बसविला आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकविण्याची नोकरी मिळविली. तेथील यंत्रे हाताळता हाताळता ते स्वतःच यंत्रविद्या शिकले.

याच सुमारास मुंबईच्या रस्त्यांवर सायकल दिसू लागली होती. दोन चाके एकामागे एक, उभी केली तर कलंडणारी, आणि तरीही माणसाला घेऊन डौलात धावणारी! लक्ष्मणरावांना तिने भुरळ घातली. त्यांनी मुंबईत सायकली विकत घेऊन बेळगावी आपले वडील बंधू रामुअण्णा यांच्याकडे पाठवाव्यात आणि रामुअण्णांनी त्या विकाव्यात, असा व्यापार १८८८ साली सुरू झाला. किंमत ७०० ते १००० रुपये. त्या काळी एवढ्यात कित्येक कुटुंबांचे वर्ष सुखाने निघत असे. सायकल चालविण्यास शिकविण्याचे पंधरा रुपये वेगळे.

नवशिका सायकलस्वार पडतो तो बहुधा वळणावर. याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. इंग्लंडमधील थोर शास्त्रज्ञ आयझॅक न्यूटन याने १६८७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात गतीचे तीन नियम मांडले आहेत. त्यांतील पहिला असा की, बाहेरून कोणतेही बल लागले नाही तर चालती वस्तू सरळ रेषेत, त्याच वेगाने चालत राहते. म्हणजे वळणे हा सायकलीचा स्वभावच नव्हे. तिला वळवायची तर वळणाच्या आतल्या बाजूस ओढणारे काही बल हवे. हे अभिकेंद्री बल कोठून येते? ते येते चाक आणि रस्ता यांच्यातील घर्षणातून. स्वार आतल्या बाजूस झुकतो तो जमिनीचा वरचा आणि आतला असा दोन्ही रेटा आपल्या अंगाच्या तोलातून जावा म्हणून. न झुकला तर चाके आत वळतील आणि तो स्वतः बाहेर कलंडेल. रस्त्यावर वाळू असली म्हणजे घर्षण अपुरे पडते, आणि सायकल वळण सोडून जवळजवळ सरळच निसटते. वेग दुप्पट केला तर त्याच वळणाला चौपट बल लागते, ही गोष्ट उतारावरून भरधाव येणाऱ्या मुलांनी विशेष ध्यानात ठेवावी.

नोकरीत लक्ष्मणरावांचे चित्त फार काळ स्थिर राहिले नाही. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांचा हक्क डावलून ती दुसऱ्याला देण्यात आली. अपमान गिळून पगार घेत राहणे पुष्कळांना जमते. त्यांना ते जमले नाही. १८९७ साली नोकरी सोडून ते बेळगावी परतले आणि दोघा भावांनी सायकलीच्या दुकानाबरोबर लहानसा कारखाना चालू केला. तेथे प्रथम नावारूपास आले ते कडबा कापण्याचे यंत्र, ज्याला आपण कडबाकुट्टी म्हणतो. जाड कडब्याचा मुठा तोंडाशी आला म्हणजे हाताचा नुसता जोर पुरत नाही. परंतु यंत्राचे चाक जड असते, आणि जड वस्तू एकदा फिरू लागली की सहजी थांबत नाही. चाकात साठलेली ही गतीच पात्याला कडब्यातून पार नेते. चाकाच्या कडेचा कण न् कण सरळ रेषेत निसटू पाहत असतो; चाकाचे आरे त्याला आत धरून ठेवतात. म्हणूनच अशा चाकात तडा गेलेला असता ते फिरविणे धोक्याचे असते.

कडबाकुट्टीनंतर लक्ष्मणरावांनी १९०३ च्या सुमारास हाती घेतला लोखंडी नांगर. येथे त्यांची खरी परीक्षा झाली.

आपल्याकडील नांगर पिढ्यान् पिढ्या लाकडाचा. गावचा सुतार तो करून देई आणि बलुत्यात त्याची मजुरी भागे. त्याला खाली लोखंडी फाळ असे खरा. पण तो जमीन नुसती उकरी, उलटवीत नसे. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा यांच्या मुळ्या किती खोल जातात हे शेतकऱ्याला सांगावयास नको. वरवरच्या उकरण्याने त्या मरत नाहीत. लोखंडी नांगराचा रुंद फाळ मातीचा थर आडवा कापतो आणि त्यामागील वळणदार पाते तो थर पालथा घालते. मुळ्या उन्हात उघड्या पडून वाळतात. इतके उपयोगाचे औत, आणि तरीही सुमारे दोन वर्षे लक्ष्मणरावांचे नांगर पडून राहिले. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती.

ही समजूत खुळी होती यात शंका नाही. परंतु शेतकऱ्याला सरसकट अडाणी ठरविणे न्यायाचे होणार नाही. नवे औत फसले तर एक हंगाम जातो, आणि हंगाम गेला की वर्ष जाते. शिवाय खोल जाणारा नांगर ओढण्यास जड. पोळ्याच्या आदल्या दिवशी ज्याने बैलाचे खांदे तूप-हळदीने चोळले असतील, त्याला हा भार कोठे पडतो हे ठाऊक असते.

बैल नांगर ओढतात तेव्हा नेमके काय घडते? न्यूटनचा तिसरा नियम सांगतो की, बैल जितक्या बलाने नांगराला पुढे ओढतात तितक्याच बलाने नांगर बैलांना मागे ओढतो. मग नांगर चालतो तरी कसा, असा प्रश्न हुशार विद्यार्थी नेहमी विचारतात. उत्तर असे की, ही दोन बले एकाच वस्तूवर नसतात. नांगराचा विचार करताना एकीकडे बैलांची ओढ आणि दुसरीकडे मातीचा विरोध पाहावा. बैलांचा विचार करताना नांगराची मागील ओढ आणि जमिनीचा पुढील रेटा पाहावा. कारण बैल खुरांनी जमीन मागे रेटतात आणि जमीन त्यांना पुढे रेटते. हा रेटा पुन्हा घर्षणाचाच. चिखलात खूर घसरतात तेव्हा कितीही दणकट बैल असला तरी त्याची शक्ती व्यर्थ जाते.

घर्षणाची अशी दुहेरी रीत आहे. खुराखाली ते हवे, पात्यावर ते नको. पात्यावरून माती घासत सरकते. तेथे घर्षण जितके जास्त तितका बैलांचा खांदा जास्त भरून येतो. काळी ओली माती तर पात्याला चिकटून बसते आणि मग लोखंडावर माती नव्हे, मातीवर माती घासू लागते. ती ओढ फारच जड. म्हणून पाते गुळगुळीत हवे, त्याचे वळण माती विनासायास उलटेल असे हवे. नांगर चालता राहिला की मातीच त्याला आरशासारखी चकाकी आणते. पडून राहिला की गंज चढतो. जाणता शेतकरी हंगाम संपताच पात्याला तेल लावून ठेवतो ते याचसाठी. खोली राखण्याचीही युक्ती असते. बैलांची ओढ तिरकी, म्हणजे थोडी वरही असते, आणि त्यामुळे नांगर उचलला जाऊ पाहतो. नांगराच्या पुढच्या टोकाला साखळी अडकविण्यास एकाखाली एक भोके ठेवलेली असतात. वरच्या भोकात साखळी घातली की फाळ खोल जातो, खालच्यात घातली की उथळ चालतो. बैलांना जास्त मारून जे साधत नाही ते साखळी एक भोक सरकवून साधते.

दोन वर्षांनी का होईना, नांगर शेतात उतरले आणि त्यांचे काम लोकांनी पाहिले. मागणी वाढू लागली. तोच बेळगावात कारखान्याची जागा सोडण्याची पाळी आली. त्या वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. त्यांनी कुंडल रेल्वे स्टेशनाजवळ जमीन दिली आणि पैशाचेही साह्य केले. जमीन म्हणजे निवडुंगाचे रान आणि सापांचे माहेर. १० मार्च १९१० रोजी तेथे वसाहतीचा आरंभ झाला. रामुअण्णांनी वसाहतीची व्यवस्था पाहिली. यंत्रविद्येची पदवी नसलेल्या या माणसाने शेतकऱ्यांची मुले हाताशी धरून त्यांना ओतकाम आणि यंत्रकाम शिकविले. पुढे तेथून उसाचे चरक निघाले, पंप निघाले. १९२० साली किर्लोस्कर बंधूंच्या कारखान्याची मर्यादित कंपनी झाली.

लक्ष्मणरावांनी न्यूटनचे नियम सूत्रांच्या रूपाने मांडल्याचे कोठे नमूद नाही. त्यांची प्रयोगशाळा म्हणजे सायकलीचे वळण, कडबाकुट्टीचे चाक आणि नांगराचे पाते.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी वयाच्या सत्याऐंशीव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. १९६९ साली, त्यांच्या जन्मशताब्दीस, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. पुण्याहून मिरजेस जाणाऱ्या लोहमार्गावर, सांगली जिल्ह्याच्या हद्दीत, ते जुने कुंडल स्टेशन लागते. त्याच्या पाटीवर आता किर्लोस्करवाडी असे नाव आहे.