गोपाळ कृष्ण गोखले : सनदशीर राजकारणाचे अध्यापक

राज्यकर्त्यांच्या सत्तेला नियमांचे बंधन असावे, कर देणाऱ्याला हिशेब मागण्याचा अधिकार असावा आणि कायदा चर्चेतून घडावा, ही संविधानात्मक शासनाची मूलतत्त्वे होत. ही तत्त्वे प्रत्यक्षात नसताना त्यांचे शिक्षण समाजाला कसे द्यावे, हा प्रश्न गोखले यांच्या जीवनकार्याच्या केंद्रस्थानी होता.

गोखले यांचा जन्म 9 मे 1866 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे झाला. वडिलांच्या निधनानंतर थोरले बंधू गोविंदराव यांनी हालअपेष्टा सोसून त्यांच्या शिक्षणाचा भार उचलला. 1884 मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर सरकारी नोकरीचा सुरक्षित मार्ग सोडून ते पुण्यात शिक्षक झाले. पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य या नात्याने त्यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात इंग्रजी, गणित, इतिहास आणि अर्थशास्त्र हे विषय शिकविले. ते 1902 मध्ये निवृत्त झाले.

याच काळात न्यायमूर्ती रानडे यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांचे दुसरे शिक्षण चालू होते. सरकारी अहवाल वाचणे, आकडे पडताळणे आणि आधाराविना विधान न करणे, ही शिस्त रानडे यांनी त्यांना लावली. 1897 मध्ये वेल्बी आयोगापुढे लंडनमध्ये दिलेल्या साक्षीत त्यांनी हिंदुस्थानच्या खर्चाची चिकित्सा केली, ती याच तयारीच्या बळावर. त्याच वर्षी पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तातील सैनिकांवर त्यांनी केलेल्या आरोपांना पुरावा मिळू शकला नाही, तेव्हा त्यांनी जाहीर क्षमा मागितली. त्याबद्दल स्वकीयांकडून कठोर टीका झाली, तरी शब्दाची जबाबदारी त्यांनी टाळली नाही.

मुंबई कायदेमंडळातील कामानंतर ते मध्यवर्ती कायदेमंडळात गेले. 1892 च्या कायद्यानुसार सभासदांना अंदाजपत्रकावर बोलता येत असे, मतदान करता येत नसे. या मर्यादेतही 1902 च्या पहिल्याच अंदाजपत्रकीय भाषणात त्यांनी सरकारी शिलकीचा निराळा अर्थ लावला. तिजोरीत शिल्लक पडते याचा अर्थ देश समृद्ध आहे असा नसून दरिद्री जनतेकडून गरजेपेक्षा अधिक कर घेतला जातो, असे त्यांनी आकड्यांनिशी दाखवून दिले. मिठावरील कर कमी करावा, ही मागणी ते सातत्याने मांडत राहिले. 1903 पासून तो कर टप्प्याटप्प्याने घटला.

12 जून 1905 रोजी पुण्यात त्यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली. सार्वजनिक कार्यासाठीही अभ्यास लागतो, या विश्वासातून सदस्यांना पाच वर्षांचे प्रशिक्षण देण्याची व्यवस्था करण्यात आली. वर्गातील अध्यापक येथे राष्ट्रसेवकांचा अध्यापक झाला.

1909 च्या सुधारणांमुळे ठराव मांडण्याचा आणि त्यावर मत घेण्याचा अधिकार मिळाला. 1910 मध्ये नाताळ येथे करारबद्ध मजूर पाठविणे थांबवावे, हा गोखले यांचा ठराव सरकारने मान्य केला. 1911 मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. स्थानिक संस्थांनी सरकारच्या संमतीने सहा ते दहा वर्षे वयाच्या मुलांसाठी शिक्षण सक्तीचे करावे, अशी त्यात योजना होती. बडोदा संस्थानातील सक्तीच्या शिक्षणाचे उदाहरण त्यांच्यासमोर होते. मात्र मार्च 1912 मध्ये हे विधेयक 38 विरुद्ध 13 मतांनी फेटाळले गेले.

हा पराभव विशेष अभ्यासण्याजोगा आहे. मध्यवर्ती मंडळात बहुमत सरकारी सभासदांचे होते आणि ते सभासद जनतेला उत्तरदायी नव्हते. म्हणून चर्चेला मोकळीक असूनही निर्णय आधीच ठरलेला असे. सनदशीर मार्गावरील गोखले यांची निष्ठा अढळ होती. तथापि, उत्तरदायी सत्तेवाचून केवळ चर्चा अपुरी ठरते, हे त्यांच्याच कार्यातून स्पष्ट झाले. टिळक आणि त्यांचे अनुयायी यांच्याशी त्यांचा मतभेद मुख्यतः या मार्गाच्या पुरेपणाविषयी होता.

19 फेब्रुवारी 1915 रोजी, वयाच्या अवघ्या 48 व्या वर्षी, पुण्यात त्यांचे निधन झाले. चौदा वर्षांपर्यंतच्या बालकांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे तत्त्व पुढे 1950 च्या संविधानाने राज्याच्या मार्गदर्शक तत्त्वांत स्वीकारले, तर 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयोगटासाठी त्याला मूलभूत हक्काचे स्थान दिले. मतदानात हरलेला विचार अशा रीतीने देशाच्या कायद्याचा भाग झाला. अंदाजपत्रक वाचणारा, प्रश्न विचारणारा आणि आपले विधान पुराव्याने तोलणारा नागरिक घडविणे, हे त्यांच्या अध्यापनाचे सार होय.