लग्नाच्या बाजाराचे हसे करणारे देवल

व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीत लंडनचे 'पंच' साप्ताहिक व्यंगचित्रांतून तिकडच्या लग्नबाजाराची टर उडवीत असे. त्याच काळात महाराष्ट्रात हे काम रंगभूमीने केले, आणि त्यातील अग्रणी नाव गोविंद बल्लाळ देवल यांचे. तिकडच्या थट्टेचा विषय धनिक जावयाच्या शोधातील आया हा होता. इकडे ज्यांचा सौदा होई, त्या मुली खेळण्याच्या वयातल्या होत्या.

देवलांचा जन्म १३ नोव्हेंबर १८५५ रोजीचा. सांगलीजवळचे कृष्णाकाठचे हरिपूर हे त्यांचे गाव. बेळगावात शिकत असताना त्यांना अण्णासाहेब किर्लोस्करांचा सहवास लाभला आणि पुढची वाट ठरली. नट, तालीममास्तर आणि नाटककार अशा तिन्ही नात्यांनी ते रंगभूमीशी बांधले गेले. त्यांची एकूण नाटके सात. त्यांपैकी सहा संस्कृत वा इंग्रजी नाटकांच्या आधाराने लिहिलेली. स्वतंत्र असे एकच, 'संगीत शारदा'.

१८९९ मध्ये रंगभूमीवर आलेल्या या नाटकात पंचाहत्तरीचा भुजंगनाथ पुन्हा बोहल्यावर चढायला निघतो. भद्रेश्वर दीक्षित हा दलाल सोयरीक जुळवितो आणि कांचनभट पैशाच्या लोभाने पोटची पोर देऊ करतो. अशा विवाहांचा शेवट काय होई, हे सोलापूरकरांना सांगावयास नको होते. बालविधवांच्या टाकलेल्या अर्भकांसाठी प्रार्थना समाजाच्या मंडळींनी याच जिल्ह्यात, पंढरपूरला, आश्रम चालविला होता. देवलांनी मात्र वैधव्याचे रडगाणे गायिले नाही. त्यांनी म्हाताऱ्याच्या नटण्यामुरडण्याला हसविले आणि त्या हशातच प्रेक्षकांना अस्वस्थ केले.

नाटकातील सर्वांत बोचरी गोष्ट म्हणजे शारदेची सुटका. मुलीचे अश्रू, आईची तळमळ, कोदंडाचा सुधारकी आवेश यांपैकी कशानेही हे लग्न थांबत नाही. ते थांबते वधूवर सगोत्र निघाल्यामुळे! करुणेपुढे न वाकणारा समाज गोत्रापुढे निमूटपणे वाकतो. संमतिवयाच्या १८९१ च्या कायद्यावरून उठलेले वादळ तेव्हा फार जुने झाले नव्हते. अवघी दहाची मर्यादा बारावर नेली, तरी धर्म बुडाल्याची ओरड झाली होती. आपला प्रेक्षक कोणता युक्तिवाद मानतो, हे देवलांना नेमके ठाऊक होते.

१९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला 'शारदा कायदा' म्हणतात, ते अजमेरच्या हरबिलास सारडा यांच्या नावावरून. नाटकाशी त्याचा संबंध केवळ नामसाधर्म्याचा.

विवाहसंस्थेची दुसरी खोड देवलांनी 'संशयकल्लोळ'मध्ये पकडली. मूळ कथा मोलिएरची. आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकावरून त्यांनी ती १८९३ मध्ये 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' या नावाने गद्यात आणली होती. एका तसबिरीवरून फाल्गुनराव पत्नीवर संशय घेतो आणि कृत्तिका त्याच्यावर. महिने आणि नक्षत्रे यांवरून पात्रांची नावे ठेवण्याची कल्पना तर खास देवलांची. येथे ना म्हातारा वर, ना हुंडा. तरी घर पेटते ते पेटतेच. या नाटकाला पुढे त्यांनी पदांचा साज चढविला आणि १९१६ मध्ये गंधर्व नाटक मंडळीने ते संगीत रूपात रंगभूमीवर आणले. त्याच वर्षी १४ जून रोजी देवलांचे निधन झाले.